शाळेत १५ टॅब आहेत पण इंटरनेट नाही. व्हिडिओ धडे कसे दाखवायचे?

नेटची वाट बघत बसू नका. ‘कोलिब्री’ हे मोफत सॉफ्टवेअर अशाच शाळांसाठी आहे. जुना लॅपटॉप किंवा ४ जीबीचा रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा छोटा संगणक, पुढे नुसता ‘पाय’) घ्या, पायमध्ये १२८ जीबी मेमरी कार्ड टाका. नेट असलेल्या ठिकाणी नेऊन त्यावर कोलिब्री बसवा आणि सामग्री एकदाच उतरवून घ्या. पण अख्खा चॅनल (कोलिब्रीतला धड्यांचा संच) नको, हवे तेवढेच धडे निवडा, नाहीतर कार्ड भरून जातं.

शाळेत पाय (किंवा लॅपटॉप) साध्या राउटरला केबलने जोडा, टॅब राउटरच्या वाय-फायवर घ्या. पायच्या स्वतःच्या वाय-फायवर १५ व्हिडिओ एकदम लावले की चाक फिरत राहतं. राउटरमध्ये पायचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) पक्का करा. मग टॅबच्या ब्राउझरमध्ये तो पत्ता, उदा. १९२.१६८.१.१०, आणि पुढे :८०८० टाका (आकडे इंग्रजी).

खरा घोळ विजेचा. चालू असताना लाइट गेली की कार्डवरची फाइल बिघडू शकते आणि मग दुसऱ्या दिवशी पाय सुरूच होत नाही. मोबाइलचा चार्जर चालवू नका, ५ व्होल्ट ३ अँपिअरचाच लावा. छोटा यूपीएस घ्याच. तयार कार्डची एक प्रत कपाटात ठेवा. आणि पाय ४ मध्ये घड्याळाचा सेल नसतो, त्यामुळे नेटशिवाय तारीख मागे राहते नि मुलांच्या प्रगतीच्या नोंदी चुकीच्या दिवशी पडतात. आरटीसी मॉड्यूल (सेलवर चालणारं छोटं घड्याळ) बसवलं की हे थांबतं.