ध्येय हुकलं म्हणजे आयुष्य फुकट गेलं का?

ठरवलेलं गाठता आलं नाही तर माणूस अपयशी का, असं विचारलंय. मला ध्रुवप्रदेशात मोहिमा काढणारा अर्नेस्ट शॅकल्टन आठवतो. निघाला होता अंटार्क्टिका ओलांडायला. 1915 मध्ये जहाज बर्फात अडकलं आणि बुडालं. मोहीम संपली. त्याला नापास म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही. ओझं कमी करताना त्याने सोन्याची नाणी बर्फात टाकली, सोबत्याचा बॅन्जो मात्र ठेवायला लावला. मन टिकवायला तोच लागणार होता. पुढे सगळे एका बेटावर पोचले आणि तिथून तो पाच जणांना घेऊन छोट्या होडीतून मदत आणायला गेला. बेटावर 22 जण मागे राहिलेले. सुटकेचे तीन प्रयत्न फसले, चौथा 30 ऑगस्ट 1916 ला जमला. जहाजावरचे 28च्या 28 वाचले. (अंटार्क्टिकाच्या पलीकडच्या बाजूला याच मोहिमेची दुसरी तुकडी होती, तिच्यातले तिघे दगावले, हेही खरं.)