आगोट म्हणजे नक्की कधी?

तुमची आजी मे महिन्यातच 'आगोट आली, आगोट आली' म्हणायची, तर आगोट म्हणजे उन्हाळा की पावसाळा, असं विचारलंय तुम्ही. कोशातला अर्थ पावसाळ्याचा आरंभ असाच आहे, पण आजीचं अगदी बरोबर होतं. कोकणात बोलताना आगोट म्हणजे पाऊस पडायच्या आधीचे ते घाईचे दिवस, ऊन तर डोक्यावर रणरणतंय पण मन सगळं पावसाकडे लागलेलं.

आपल्याकडे उन्हाळा मोजायचा तोच मुळी मिरगापासून, म्हणजे मृग नक्षत्रापासून मागे. वैशाख वणवा वगैरे घाटावर शोभतं, इथे समुद्राकाठी नुसता उकाडा आणि घामाच्या धारा, त्यामुळे उन्हावरून काही टप्पे कळत नाहीत, कामावरून कळतात. शिमगा झाला की भाजावळ, म्हणजे तरव्याची, भाताची रोपं करायची जमीन भाजायची. मग सूर्याची नक्षत्रं धरायची, अश्विनी 13-14 एप्रिलला, भरणी 27 च्या आसपास, कृत्तिका 11 मे, रोहिणी 25 मे आणि 7-8 जूनला मृग. एकेक साधारण तेरा-चौदा दिवसांचं. चैत्र-वैशाख चंद्रावर चालतात आणि अधिक महिना आला की पुढे सरकतात (2026 ला ज्येष्ठच अधिक आहे), नक्षत्रांच्या तारखा मात्र जवळपास तिथेच राहतात, म्हणून शेतकरी महिना विचारत नाही, नक्षत्र विचारतो. रोहिणीत धूळवाफेवर, म्हणजे पावसाआधी कोरड्या जमिनीत भात पेरायचं आणि मिरगाची वाट बघायची.

तर कृत्तिका-रोहिणीचे हे जे दिवस, ती खरी आगोटीची धांदल. घर शाकारायचं, ओटीला झडी (पाऊस आत येऊ नये म्हणून आडोसे) बांधायच्या, लाकूडफाटा आणि शेणी (गोवऱ्या) आत घ्यायच्या, सुकट-बोंबील भरायचे, मसाला कुटून घ्यायचा, फणसपोळ्या वाळवायच्या. आमसुलांचं काम तर सगळ्यात नाजूक. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडून बिया वेगळ्या करायच्या, साली उन्हात घालायच्या, मग मीठ घातलेल्या रातांब्याच्याच रसात बुडवून परत वाळत घालायच्या, असं पुन्हा पुन्हा, ह्यालाच पुटं देणं म्हणतात. पुटं चांगली बसली तर आमसूल काळंभोर आणि मऊ राहतं, आणि मधेच दोन दिवस मळभ आलं की बुरशीची भीती, म्हणून घरातल्या बायकांचं अर्धं लक्ष आभाळाकडे. 'आगोट आली' ह्यात जी घाई ऐकू येते ना ती हीच.

शब्द आगोट असाही आहे आणि आगोटी असाही, दोन्ही स्त्रीलिंगी. 'आगोटीची बेगमी' हा प्रयोग सगळ्यात जास्त ऐकू येतो, आणि ऐन आगोटीला कोणी लग्न काढलं की म्हातारी माणसं अजूनही वैतागतात. कोळीवाड्यातही आगोट म्हणतात, तिथे मात्र होड्या वर ओढायची आणि जाळी आवरायची गडबड असते. हल्ली 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, त्यामुळे त्यांची आगोट सरकारी तारखेलाही बांधली गेलीय.