चॅरिटीतली नोकरी: मुलाला फुटबॉल हवाय की मुलं?

ताई, सप्रेम नमस्कार.

लिव्हरपूलहून पाठवलेलं तुमचं पत्र मिळालं. मुलगा सतरा वर्षांचा, ए लेव्हलला, म्हणजे विद्यापीठाआधीच्या शालेय परीक्षेच्या टप्प्यावर आहे. संध्याकाळी एव्हर्टन फुटबॉल क्लबच्या चॅरिटीत स्वयंसेवक म्हणून जातो आणि आता ‘मला हेच करायचंय, इकॉनॉमिक्स नको’ म्हणतो. समाजसेवा चांगलीच, पण तिच्यावर घर चालतं का, असं तुम्ही विचारता.

आधी घराचं बोलू. इंग्लंडमध्ये चॅरिटी म्हणजे फावल्या वेळची सेवा नव्हे. एव्हर्टन इन द कम्युनिटी १९८८ पासून चालू आहे. क्लबशी जोडलेली असली तरी ती वेगळी नोंदणीकृत संस्था आहे आणि तिथे पगारी माणसं काम करतात. मुख्य प्रवाहातल्या शाळेत न रुळलेल्या मुलांसाठी तिने २०१२ मध्ये शाळासुद्धा काढली. चॅरिटी कमिशन म्हणजे अशा संस्थांवर देखरेख ठेवणारी सरकारी यंत्रणा; तिच्या संकेतस्थळावर संस्थेचं उत्पन्न, खर्च, कर्मचारीसंख्या कुणालाही पाहता येते. तुम्ही दोघं एकदा बसून ते वाचाच. मात्र पगार बँकेतल्या नोकरीच्या तोडीचा नसतो, संध्याकाळी घरी असणं जमत नाही आणि बरीच पदं ठरावीक मुदतीच्या निधीवर असतात. निधी संपला की नोकरीही धोक्यात येते. हे त्याला आत्ताच कळलेलं बरं.

आता तुमच्या पत्रातल्या एका प्रसंगाकडे वळतो, कारण माझ्या मते तुमचं उत्तर तिथेच आहे. एक पोरगा दर आठवड्याला यायचा आणि डोक्यावर हूड ओढून जाळीबाहेर उभा राहायचा. तुमच्या मुलाने त्याला ‘चल खेळ’ म्हटलं नाही. बिब्जची (संघ ओळखू यावेत म्हणून घालायच्या रंगीत बिनबाह्यांच्या जॅकेटांची) पिशवी हातात दिली आणि वाटायला मदत कर म्हणाला. पुढे तो पोरगा आपणहून गोलमध्ये उभा राहू लागला. ताई, हे कोचिंग नाही. याला युथ वर्क म्हणतात आणि तो शिकून करायचा पेशा आहे.

प्रीमियर लीग किक्स हा उपक्रम २००६ मध्ये लंडनमध्ये पोलिसांच्या साथीने सुरू झाला, तोही याच विचाराने. वस्तीतल्या मुलांना संध्याकाळी मोफत खेळायला बोलवायचं. पण खरं लक्ष असतं ते कोण शाळा चुकवतोय, कोण वाईट संगतीकडे ओढला जातोय, यावर. बॉलच्या निमित्ताने मुलं बोलती होतात. कधी एखादं मूल घरातलं काही भयंकर सांगून जातं. तेव्हा ‘मी कुणाला सांगणार नाही’ असं वचन देता येत नाही, सेफगार्डिंगची, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी असलेल्या माणसाला लगेच कळवावं लागतं. मुलाला विचारा, असं कुणी बोललं तर तू काय करशील? त्याचं मन या बाजूला ओढ घेत असेल तर वाट युथ वर्कची. सरावाच्या आखणीतच जीव रमत असेल तर एफएचे, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेचे कोचिंग कोर्स आहेत, ती वाट निराळी.

युथ वर्कमध्ये लेव्हल ३ (ए लेव्हलच्या तोडीची) पात्रता घेऊन युथ सपोर्ट वर्कर होता येतं. प्रोफेशनल युथ वर्कर व्हायचं तर नॅशनल युथ एजन्सी या युथ वर्कच्या राष्ट्रीय संस्थेची मान्यता असलेली पदवी लागते. याच विषयात डिग्री अप्रेंटिसशिपही आहे. त्यात काम करता करता पगार मिळतो आणि पदवीची फी विद्यार्थ्याला भरावी लागत नाही. विद्यापीठाची फी २०२५-२६ मध्ये वर्षाला ९,५३५ पौंडांपर्यंत होती, तेव्हा हा फरक लहान नाही. अडचण एवढीच की आधी अप्रेंटिस म्हणून नोकरीवर घेणारी संस्था शोधावी लागते.

इकॉनॉमिक्सच्या पदवीसाठी जबरदस्ती करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. पण ए लेव्हल त्याने मन लावून पूर्ण करावं, त्यात सूट नको. अशा संस्थांना निधी मिळवणारे, हिशेब पाहणारे, कामाचा परिणाम मोजून दाखवणारे लोकही लागतात. मैदानावर काही वर्षं काढल्यावर दुसरीकडे वळावंसं वाटलं, तर हा अभ्यास त्याच्या कामी येईल.

या आठवड्यात एवढंच करा. सेशन चालवणाऱ्या प्रमुखांना त्याने स्वतः भेटावं. ते या कामात कसे आले, कोणती पात्रता घेतली, तिथे अप्रेंटिस घेतात का आणि अठरा पूर्ण झाल्यावर तासांवर पगारी काम मिळेल का, हे विचारावं. तुम्ही सोबत जाऊ नका. त्यांनी काय सांगितलं ते मला कळवा, मग अर्ज कुठे आणि कधी करायचे ते ठरवू.