लॅटिन नावं नंतर, आधी आयर्विन पूल बघ

अरे भावा, लॉजिक शिकायला घेतलंस ते भारी केलंस, पण पहिल्याच दिवशी युक्तिवादाच्या प्रकारांची लॅटिन नावं पाठ करत बसू नको, मी तेच केलं नि दोन महिने गेले वाया. आपल्या सांगलीचंच घे की. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पुराची धोका पातळी ४५ फूट, समज आज पाणी ४७ वर, म्हणजे पातळी ओलांडली. पहिली दोन वाक्यं खरी असली की तिसरं खोटं ठरूच शकत नाही, हे निगमन. आणि आमच्या गल्लीतली म्हातारी मंडळी म्हणायची, इतकी वर्षं पाणी आलं नाही, यंदाबी येत नाय, ते झालं विगमन, त्यात खात्री नसते, २०१९ च्या पुरात कळलं सगळ्यांना (आमच्या गाद्या पण वर टाकायच्या राहिल्या).

खरा घोळ होतो तो जर-तरमध्ये. कोयनेतनं जास्त पाणी सोडलं की कृष्णा फुगते, बरोबर, मग कृष्णा फुगली म्हणजे कोयनेतनं सोडलंच असणार? नाही ना राव, धरणाच्या खालच्या भागात नुसता पाऊस धरला तरी फुगते! हे उलटं फिरवणं चहाच्या गाड्यावर बसून नुसतं ऐकत राहा, रोज एक तरी घावतंय. वैध आणि सत्य यातला फरक नंतर बघ, आधी हे पक्कं होऊ दे.