मार्सेयचं रुग्णालय मोठंच आहे, पण लेकीला आधी इथे डॉक्टर होऊ द्या

आदरणीय पालक,
सप्रेम नमस्कार.

रत्नागिरीहून आलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुमचे धाकटे बंधू जहाजावर इंजिनीअर. जहाज फ्रान्समधल्या मार्सेय बंदरात असताना त्यांच्या पोटात कळा सुरू झाल्या, ला तिमॉन या सरकारी रुग्णालयात ऑपरेशन झालं आणि ते बारा दिवस तिथे राहिले. ते परत आल्यापासून घरात त्याच रुग्णालयाचा विषय आहे, आणि बारावी झालेल्या लेकीने 'मी तिथेच डॉक्टर होणार' असा ध्यास घेतला आहे. यंदा नीटमध्ये ती पात्र ठरली, पण सरकारी कॉलेज मिळण्याइतके गुण पडले नाहीत. त्यात एका एजंटाने सांगितलं की फ्रान्समधलं सरकारी मेडिकल जवळजवळ फुकट असतं, शिकून ती कोकणात परत येऊन प्रॅक्टिस करू शकेल, आणि पहिला हप्ता म्हणून अडीच लाख मागितले. देऊ का, असं तुम्ही विचारता.

देऊ नका. ते का, हे सविस्तर लिहितो. मात्र लेकीचा ध्यास चुकीचा नाही, हे तिला आधी सांगा.

बंधूंनी एक गोष्ट तुम्हाला आवर्जून सांगितली होती: रोज सकाळी मोठ्या डॉक्टरांबरोबर सात-आठ तरुण मुलंमुली खाटेपाशी यायची, आणि मोठे डॉक्टर त्यांना प्रश्न विचारायचे. त्यांनी पाहिलं ते त्या व्यवस्थेचं मर्मच होतं. फ्रान्समध्ये ३० डिसेंबर १९५८ च्या एका अध्यादेशाने रुग्णालय आणि विद्यापीठ एकमेकांना बांधली गेली. रोबेर दब्रे या बालरोगतज्ज्ञांनी या सुधारणेसाठी खटपट केली होती. तोवर नामांकित डॉक्टर सकाळी सरकारी रुग्णालयात येत आणि दुपारी स्वतःच्या खासगी दवाखान्यात जात. नंतर पूर्णवेळ पद्धत आली. उपचार, अध्यापन आणि संशोधन एकाच माणसाने, एकाच छताखाली करायचं. तिथले प्राध्यापक आजही विद्यापीठ आणि रुग्णालय अशा दोन्हीकडच्या पदावर असतात. अशा रुग्णालयाला तिकडे सीएचयू म्हणतात. मार्सेयच्या सीएचयूत चार रुग्णालयं येतात: ला तिमॉन, ला काँसेप्सियाँ, ओपिताल नॉर आणि सँत-मार्गरीत. पॅरिस आणि लियाँपाठोपाठ देशात याचंच नाव घेतलं जातं. तिमॉनला लागूनच एक्स-मार्सेय विद्यापीठाची वैद्यकशाखा आहे, त्यामुळे वर्गातून वॉर्डात जायला मुलांना काही मिनिटं पुरतात.

शिवाय ही बंदराची रुग्णालयं. जहाजावरून आजारी उतरलेल्या माणसाला इथे पहिल्यापासून जागा मिळत आली आहे. आर्थर रँबो हा फ्रेंच कवी १८९१ मध्ये एडनहून असाच बोटीने मार्सेयला पोचला. ला काँसेप्सियाँमध्ये त्याचा पाय कापावा लागला, आणि त्याच वर्षी १० नोव्हेंबरला तिथेच त्याने प्राण सोडला. सव्वाशेहून अधिक वर्षांनी तुमच्या बंधूंना त्याच शहराने वाचवलं. अशा ठिकाणी शिकावंसं वाटलं तर त्यात नवल नाही.

आता अडचण. एजंट फीबद्दल फारसं खोटं बोलत नाही. युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याला सरकारी विद्यापीठात पदवीसाठी वर्षाला तीन हजार युरोंच्या आत फी पडते. राहण्याखाण्याचा खर्च मात्र त्याहून कितीतरी जास्त आहे. खरी गोम पुढे आहे आणि ती त्याने सांगितली नाही. आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे २०२१ चे नियम म्हणतात की परदेशात डॉक्टर होऊन भारतात प्रॅक्टिस करायची असेल, तर अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी आणि शिकवण्याचं माध्यम इंग्रजी हवं. मार्सेयला वैद्यकशास्त्र फ्रेंचमध्ये शिकवतात. म्हणजे लेक तिथे पहिल्या नंबराने पास झाली, तरी दापोलीत किंवा गुहागरात दवाखाना उघडायची तिची वाट बंद. तुमच्या पत्रात 'परत येईल' हा शब्द तीनदा आलाय, म्हणून हे सगळ्यात ठळकपणे लिहितो आहे.

दुसरं म्हणजे तिथलं पहिलं वर्ष. २०२० पासून त्याचं नाव आहे 'पास'. वर्षअखेरीस गाळणी लागते, बहुतेक मुलं बाहेर पडतात, आणि हे वर्ष पुन्हा करता येत नाही. दुसरी संधी मिळते ती वेगळ्या पदवीच्या वाटेने. तिथल्या मुलांचीही त्यात दमछाक होते. ज्या मुलीला अजून 'बाँझूर'च्या पुढे फ्रेंच येत नाही, तिला त्यात ढकलणं मला अन्याय वाटतो.

मग काय करावं? नीट पुन्हा द्यावी, हे माझं स्पष्ट मत. तुमच्या रत्नागिरीतच आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, सिंधुदुर्गातही आहे. एक वर्ष गेलं तर जाऊ द्या. मात्र यंदाचे पेपर तिच्याशेजारी बसून तपासा. गुण फिजिक्समध्ये गेले की वेळेअभावी, हे कळल्याशिवाय नुसता क्लास बदलू नका.

आणि फ्रेंच आत्ताच सुरू करा. रोज पाऊण तास, जास्त नको. आलियाँस फ्राँसेजच्या मुंबई-पुण्यातल्या केंद्रांत शिकवतात, ऑनलाइन वर्गही असतात. एमबीबीएस होईपर्यंत बी-टू, म्हणजे कामापुरतं नीट बोलता-वाचता येण्याची पातळी, सहज गाठता येईल. ती गाठली की मार्सेयचं दुसरं दार उघडतं. एमडी किंवा एमएस करत असलेल्या युरोपबाहेरच्या डॉक्टरांसाठी फ्रान्समध्ये 'डीएफएमएस' नावाचं प्रशिक्षण आहे, आणि तज्ज्ञ झालेल्यांसाठी त्याचाच थोडा छोटा प्रकार आहे. त्यात ती बाकावरची विद्यार्थिनी नसेल. निवासी डॉक्टरांच्या बरोबरीने वॉर्डात पगारी काम करेल, राउंडला त्या मोठ्या डॉक्टरांच्या प्रश्नांना उत्तरं देईल. या प्रशिक्षणाने फ्रान्समध्ये कायमची प्रॅक्टिस करता येत नाही. त्यासाठी वेगळी परीक्षा आणि पुढे देखरेखीखालची नोकरी, असा लांब रस्ता आहे. पण तिला परतच यायचं असेल, तर ही अडचण उरतच नाही.

तिला मेंदूविकारांत रस आहे, असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. मग तिला हेही सांगा की लेनॉक्स-गॅस्टो सिंड्रोम हे अपस्माराच्या एका अवघड प्रकाराचं नाव तिला पुढे पुस्तकात भेटेल, आणि त्यातले आन्री गॅस्टो मार्सेयचेच. अपस्मारावरच्या कामाची परंपरा त्या शहरात आजही आहे. न्यूरॉलॉजीतली निवासी डॉक्टर म्हणून ती तिथे गेली, तर काय पाहायचं हे तिला नेमकं ठाऊक असेल. आज अठराव्या वर्षी गेली, तर पहिली दोन वर्षं क्रियापदांची रूपं पाठ करण्यातच जातील.

एजंटाने कुठल्या कागदावर सही घेतली असेल, तर त्याची प्रत मला पाठवा. पैसे दिले नसतील तर लगेच लेखी नकार कळवा. फ्रान्सला शिकायला जाणाऱ्यांचे अर्ज कँपस फ्रान्स या तिथल्या सरकारी संस्थेमार्फत विद्यार्थी स्वतः भरतात, मध्यस्थाची गरज पडत नाही. आणि बंधूंना एक निरोप द्या: डिस्चार्जच्या वेळी मिळालेला फ्रेंच कागद त्यांनी जपून ठेवला असेल, तर तो पुतणीला द्यावा. फ्रेंचचा पहिला धडा तिने त्यावरूनच गिरवावा. काकांच्या पोटात नेमकं काय झालं होतं, हे तिला स्वतः वाचता येईल.

आपला,
करिअर मार्गदर्शक