अकराव्या दिवशी काय झालं?

"मॅडम, माझ्यात शिस्तच नाही." खुर्चीत बसता बसताच त्या म्हणाल्या. वय छत्तिशीचं, नोकरी हिशेबाच्या कामातली, घरी शाळेत जाणारा लहान मुलगा. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) त्यांना कादंबरी लिहायची होती. दोन वर्षांत अकरा पानं झाली होती. रोज लिहायची सवय लागत नाही, म्हणजे आपण मुळात लेखक नाहीच, असा निकाल त्यांनी स्वतःच लावून टाकला होता. माझ्याकडे बहुधा त्यावर शिक्का मारून घ्यायला आल्या होत्या.

शिस्त नसलेल्या या बाईंनी बारा वर्षांत महिनाअखेरचं काम एकदाही चुकवलं नव्हतं. मी तसं म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "ते वेगळं. तिथे काय करायचं ते माहीत असतं." वाक्य मी वहीत टिपून ठेवलं आणि, खरं सांगायचं तर, विसरले.

कारण पहिल्या भेटीत मी त्यांना अगदी साचेबंद सल्ला दिला. पहाटे अर्धा तास लवकर उठा, रोज पाचशे शब्द लिहा, लिहिलं की कॅलेंडरवर फुली मारा. नऊ दिवस फुल्या पडल्या. दहाव्या दिवशी मुलाला ताप आला. पुढचे सहा आठवडे कॅलेंडर कोरं. माझ्याकडची वेळही त्यांनी दोनदा पुढे ढकलली. "तोंड दाखवायची लाज वाटत होती."

दहाव्या दिवसाचं मला काही विचारायचं नव्हतं. मी विचारलं, "अकराव्या दिवशी काय झालं? ताप तर उतरला होता ना?"

बराच वेळ गप्प राहून त्या म्हणाल्या, "साखळी तुटलीच होती. वाटलं, हे आपल्याच्याने व्हायचं नाही."

व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्यांना हे वाक्य पाठ असतं. महिनोन्महिने दारूला न शिवलेला माणूस एखाद्या संध्याकाळी एक पेला घेतो. तो एक पेला त्याला बुडवत नाही. त्यावरून 'मी असाच, मला जमायचं नाही' असा जो अर्थ तो काढतो, तो बुडवतो. अ‍ॅलन मार्लट या मानसशास्त्रज्ञाने हे नीट मांडून ठेवलं आहे. लिहिणाऱ्यांच्या बाबतीतही मी नेमकं हेच पाहते.

त्यातून '२१ दिवसांत सवय लागते' हे त्यांनी कुठेतरी ऐकलेलं. याचं मूळ बहुधा मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६०च्या पुस्तकात आहे. शस्त्रक्रियेनंतर नवा चेहरा अंगवळणी पडायला रुग्णांना निदान एकवीस दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. चेहऱ्याचं हे गणित पुढे सगळ्याच सवयींना चिकटलं. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना बारा आठवडे अभ्यासलं, तेव्हा मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाला २५४ लागतील असा हिशेब आला. आणि एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात म्हणावा असा फरक पडला नव्हता. हे ऐकून त्यांनी कॅलेंडरचा फोटो फोनमधून माझ्यासमोरच पुसून टाकला.

पण त्या अभ्यासातल्या सवयी म्हणजे जेवणासोबत फळ खाणं, पाणी पिणं अशा. फळ खाताना 'पुढे काय होणार' असा प्रश्न पडत नाही. कथेत तो रोज पडतो. तेव्हा कुठे मला वहीतलं ते वाक्य आठवलं.

"तुम्ही लिहायला बसता म्हणजे नक्की काय करता?"

फाइल उघडायची, पहिल्या पानापासून वाचायचं, खटकलेलं दुरुस्त करायचं. तेवढ्यात अर्धा तास संपतो. त्यांची नायिका दोन वर्षं एका घराच्या दारात बेलवर बोट ठेवून उभी होती! सवय लागली नव्हती असं कसं म्हणणार? पहिलं पान घासत बसण्याची सवय पक्की लागली होती.

मग आम्ही पहाट सोडून दिली. मुलाला शाळेच्या गाडीत बसवून त्या घरी परततात, तिथेच लिखाण जोडलं. दार लावलं की फोन दुसऱ्या खोलीत ठेवून खुर्चीवर, पंधरा मिनिटं. थांबताना शेवटचं वाक्य मुद्दाम अर्धं सोडायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशी कुठून सुरू करायचं ते माहीत असतं. पुढे काय होणार हे ठाऊक असतानाच थांबावं, असं अमेरिकन कादंबरीकार हेमिंग्वेही सांगायचा. आदल्या दिवसाची शेवटची ओळ सोडून वर काही वाचायचं नाही. महिनाअखेरचे पाच दिवस आधीच ठरवून सुट्टी. आणि दिवस चुकलाच, तर दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून दुप्पट लिहायचं नाही, फक्त एक वाक्य. ही शेवटची अट त्यांना सगळ्यात जड गेली. हिशेबातली माणसं, तूट भरून काढल्याशिवाय चैन पडत नाही.

तिसऱ्या आठवड्यात गाडी अडलीच. काहीच सुचेना, म्हणून त्यांनी 'हिला आत जायचंय की नाही, मला माहीत नाही' एवढंच चार वेळा लिहिलं. पाचव्या वेळी ते वाक्य नायिकेच्याच तोंडी गेलं, आणि दार उघडलं.

चौथ्या महिन्यात आल्या तेव्हा निघता निघता सहज म्हणाल्या, मागच्या आठवड्यात तीन दिवस लिहिलं नाही. त्यांची तक्रार वेगळीच होती. दार उघडणारा म्हातारा नायिकेपेक्षा जास्त पानं खायला लागला होता. त्याचं काय करू?

मी म्हटलं, "ते माझ्या कामात बसत नाही." पण तो म्हातारा कोण आहे, हे मात्र मी विचारून घेतलं.