साईटच घे

प्रिय पोरी,

तुझा मेसेज काल रात्री वाचला. कलाभवनातून, म्हणजे बडोद्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून, सिव्हिल झालं आणि दोन ऑफर हातात, एक अलकापुरीतल्या डिझाईन ऑफिसची आणि एक वाघोडिया रोडच्या टॉवरच्या बांधकाम साईटची, आणि आई म्हणते ऑफिसच बरं, मे महिन्यातलं बडोद्याचं ऊन बघितलंयस ना. आईची काळजी खरी आहे गं, पण मला विचारलंस म्हणून स्पष्ट सांगते, निदान पहिली तीन वर्षं साईट घे. ऑफिस पुढेही मिळतं, पण साईट न बघता वर गेलेल्या बाईला मीटिंगमध्ये ‘मॅडमना प्रॅक्टिकल माहीत नाही’ एवढं बोलून गप्प करतात.

सुरुवातीला मुकादम तुलाच विचारेल, ‘बेन, साहेब क्यारे आवशे?’ म्हणजे ताई, साहेब कधी येणार? वाद घालू नकोस. स्लॅबच्या आदल्या दिवशी स्वतः वर चढ, सळ्यांखाली काँक्रीटला जागा सोडणारे कव्हर ब्लॉक बसलेत का बघ, कॉलमच्या रिंगांचे हुक 135 अंशात आत वळवलेत का नुसते 90 वर सोडलेत ते बघ, सळ्यांमधलं अंतर टेप लावून मोज. आणि काँक्रीट ओतताना कोणी पाईपने पाणी वाढवायला लागला की तिथल्या तिथे थांबव, काँक्रीट किती पातळ झालंय ते दाखवणारी स्लंप टेस्ट घ्यायला लाव, कारण 28 दिवसांनी काँक्रीटचे नमुन्याचे क्यूब ताकदीच्या चाचणीत फेल गेले तर सगळे तुझ्याचकडे बघणार. दोन-तीन वेळा असं ठाम राहिलीस की तेच लोक ओतण्याआधी तुला शोधत येतील.

आपण पहिल्याच आहोत असंही मनात आणू नकोस. शकुंतला भगत 1953 मध्ये मुंबईच्या व्हीजेटीआयमधून सिव्हिल इंजिनिअर झाल्या आणि पुढे पूल बांधले. केरळात पी. के. थ्रेसिया 1971 मध्ये पीडब्ल्यूडीच्या चीफ इंजिनिअर होत्या. चिनाबच्या रेल्वे पुलावर माधवी लता 17 वर्षं काम करत होत्या, डोंगराचा खडक कुठे फुटलाय आणि उतार टिकेल का हे नुसत्या ड्रॉइंगवरून नाही ना कळत.

पण मला खरं बोलायचंय ते वेगळंच. बांधकामात बायका वाढल्या म्हणतात तेव्हा सगळे तुझ्या-माझ्यासारख्यांकडे बघतात, आणि दाहोद, पंचमहाल, झाबुआकडून आलेल्या मजूर बायका तर कधीपासून तिथेच आहेत. सकाळी कडिया नाक्यावर, म्हणजे मजूर रोजच्या कामासाठी थांबतात तिथे, नवरा-बायको जोडीने उभी राहतात, तो दोन-चार वर्षांत थापी हातात घेऊन मिस्त्री होतो, ती वीस वर्षं घमेली उचलून, विटा वाहून, पाणी मारून हेल्परच राहते, आणि जोडीची मजुरी बऱ्याचदा त्याच्याच हातात पडते. समान वेतनाचा कायदा 1976 मध्येच आला, पण तिला कुशल म्हणून कधी मोजतच नाहीत, मग समान कोणाशी? याचा मला आजही फार राग येतो.

तू इंजिनिअर म्हणून इथे बरंच करू शकतेस. मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, तिचं स्वतःचं नाव लिहायला लाव, कारण बांधकाम कामगार कल्याण बोर्डाच्या नोंदणीसाठी वर्षात 90 दिवसांचं काम दाखवावं लागतं. आतल्या भिंतीचं प्लास्टर किंवा टाईल्सचं काम निघालं की मिस्त्रीला सांग, हिला शिकव, मी चेक करते. अहमदाबादला सेवा संस्थेच्या कर्मिका शाळेने बायकांना हीच कामं शिकवलीत, म्हणजे जमत नाही हा बहाणा चालणार नाही. संडासाचं तर पहिल्याच आठवड्यात बघ, आतून कडी आणि पाणी असलेला, कारण तो नसला की बायका 43 डिग्रीत पाणीच पीत नाहीत. पाळणाघराचं 1996 च्या कायद्यातच आलं, 50 पेक्षा जास्त बाया असतील तर हवंच असं त्यात होतं, आणि म्हणूनच कागदावरचा आकडा 50 च्या आत ठेवलेला मी पाहिलाय. तू खरा आकडा लिही. आणि तिथे पन्नास नसल्या तरी सळ्यांच्या ढिगाऱ्यात खेळणाऱ्या पोरांसाठी सावलीतली एक खोली मागच.

तुझ्यासाठी एवढंच, जॉईन होताना लैंगिक छळविरोधी समितीत कोण आहे ते विचारून घे, दहा माणसं असली की ती कंपनीत असावीच लागते. विचारायला लाजू नकोस.

सेफ्टी शूज मात्र स्वतःच्या मापाचे आधीच घे, स्टोअरमध्ये पुरुषांच्याच मापाचे पडलेले असतात आणि ढिले शूज घालून सेंट्रिंगवर, म्हणजे स्लॅबखालच्या फळ्या-टेकूंवर, चढायचं नाही. उंचीवर बांधायच्या हार्नेसचे पट्टेही आवळून बघ. हो म्हणालीस की कळव, शनिवारी दांडिया बाजारात घरीच ये, बार बेंडिंग शेड्यूल, म्हणजे कुठली सळी किती लांब आणि कशी वाकवायची त्याचा तक्ता, कसं वाचायचं ते बसून करू. आईलाही घेऊन ये, तिच्याशी मी बोलते.

तुझी
मावशी